पावाची गाडी आणि आबांची पाळी

करमाळ्याची जत्रा, शहात्तर साल, सकाळचे साडेसहा. मी आमच्या गाडीच्या चाकांना लावलेले दगड काढत होतो आणि खाली कोणी झोपलेलं नाही ना, हे पुन्हा पुन्हा वाकून बघत होतो... कारण रात्री तिथं माझे वडील झोपले होते.

नीट सांगतो. आम्ही सोलापूरचे. आबा घोंगड्या विकायचे, आठवडी बाजार आणि जत्रा फिरून. जिथं जत्रा तिथं आमचं पाल, म्हणजे कापडी तंबू. दिवसा त्यात दुकान, रात्री त्यातच जमिनीवर झोप... मला कळायला लागल्यापासून असंच.

त्या वर्षी आबांनी साठी ओलांडली होती. गुडघे धरायचे. थंडीत जमिनीवर झोपले की छाती भरायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, एक तर जमिनीवर झोपणं बंद करा, नाहीतर जत्रा बंद करा.

जत्रा बंद म्हणजे आबा घरात भिंतीला टेकून बसणार. ते मला बघवलं नसतं.

मी चोवीस वर्षांचा. सातवीत शाळा सोडून एका बेकरीची गाडी चालवायचो. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मी हप्त्यानं मागून घेतली. चारी बाजूंनी बंद, आत पावाचे ट्रे ठेवायच्या फळ्या. त्या फळ्या काढून मी आबांच्या उंचीची बाज बसवली, कापसाची गादी घातली, हवेला जाळी लावली. चढायला पायरी केली आणि तिच्यावर स्वतः वीसेक वेळा चढून-उतरून पाहिलं.

आणि दुकान गाडीच्या दारातच मांडू म्हणून आमचं पाल मुद्दाम घरीच ठेवलं. पालच नसेल तर आबा झोपणार कुठं... असा माझा हिशोब.

करमाळ्यात पहिल्या रात्री आबांनी गाडीचं दार उघडलं, आत नाक घातलं आणि हुंगलं.

"मी काय पाव हाय व्हय रं, ह्या पेटीत निजायला?"

"आबा, गादी तरी बघा की."

"तूच निज. समदी जत्रा म्हनंल, म्हातारा गेला कामातनं."

त्यांनी एक घोंगडी उचलली आणि सरळ गाडीखाली, दोन चाकांच्या मधे जाऊन आडवे झाले. मी वर गादीवर, ते खाली मातीत... त्यांचा खोकला गाडीच्या तळातून वर येत होता.

सकाळी मला वाटलं, गाडी उतारावर आहे म्हणून आबा आत येत नसतील. सपाटीवर घ्यावी. आबा समोर चहा पीत बसले होते, ते बघितलं. दगड काढले. चाकं बघितली. पुन्हा एकदा खाली वाकलो. मग गाडी सुरू केली आणि अगदी हळू पुढं घेतली...

"अय्यय्यो!"

मागं पाहतो तर शेजारचं पाल जागेवर नाही. ते गाडीच्या मागून फरफटत येत होतं.

जत्रेत दोन पालं शेजारी लागली की मधला खुंट एकच असतो. एकाच खुंटाला दोघांचे दोर. शेजारी दरवर्षी गंगव्वाचं पाल असायचं. गंगव्वा मैंदर्गीची, बांगड्या विकायची, आबांच्याच वयाची. त्या वर्षी आमचं पाल नाही, म्हणून खुंटही नाही. तिनं संध्याकाळी आपला दोर आमच्या गाडीच्या मागच्या कडीला बांधला होता. मी तो बघितलाही होता... आणि नेमका तोच विसरलो.

कापड हललं आणि त्यातून गंगव्वाचं डोकं बाहेर आलं. "पाल घेऊन कुटं निगालास रं? मला तरी उतरू दे की!"

आबांच्या नाकातून चहा आला. आदल्या दिवसापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

नशीब, बांगड्यांच्या पेट्या बंद होत्या. पण गंगव्वाला उठता येईना. मी तिला हाताला धरून गाडीत आणलं, बाजेवर बसवलं. ती बसली, गादी चाचपली आणि चक्क आडवी झाली.

"मऊ हाय की लई! अण्णा, तू ह्यात निजत न्हाईस?" आबांना ती अण्णाच म्हणायची.

आबा कपातला उरलेला चहा मातीत ओतू लागले.

"माझं गुडघं गेलं, कंबर गेली. रात्री उटायचं तर पालाचा खांब धरून उटते मी. मला कसली लाज? तुला नको आसंल तर आजपास्नं मी निजते हितं."

आबा तिच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं मधे फक्त एक कापड... आणि ती खांब धरून उठते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचंही तिला ठाऊक नसावं.

"निज की," आबा म्हणाले. "मी कुटं नको म्हनलो."

त्या रात्री गंगव्वा गाडीत झोपली. आबा पुन्हा उभ्या केलेल्या तिच्या पालात. मी न विकलेल्या सगळ्या घोंगड्या एकावर एक रचून त्यांच्याखाली घातल्या, तरी ते खोकलेच.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत आबा पायरीवर घोंगडी मांडीवर घेऊन बसलेले.

"गंगव्वा, आज माझी पाळी."

"परवा तर पेटी म्हनत हुतास? ऐकलं की मी पालातनं."

"परवाचं परवा. पाळी म्हंजी पाळी. चल, हो बाजूला!"

दोघं जत्रा संपेपर्यंत त्यावरून भांडले. आणि पुढं कितीतरी जत्रांत.

आता मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे. मुलं माझ्यासाठी काही सोय करू बघतात आणि मी आधी 'नको' म्हणतो... मग आबा समजतात. सोय म्हणून दिलेलं म्हाताऱ्या माणसाला टोचतं. तेच पाळी म्हणून आलं की तो हक्कानं मागून घेतो.

गंगव्वाला खरंच गादी हवी होती, की आबांना आत झोपवायचं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. दोन्हींपैकी जे खरं असेल, त्यासाठी मी तिचा ऋणी आहे.