माठाशेजारचा पितळी डबा

आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, तो भिकनअण्णांमुळे. ते ना माझ्या नात्यातले, ना गावातले. ते गेल्याचं मला ऑफिसच्या फोनवर कळलं. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी पीसीओवरून बोलत होत्या. "तुझे अण्णा गेले रे... मागावर उभे असतानाच कळ आली." त्यांच्या मागे कुठेतरी लूमची खडखड चालूच होती.

अमळनेरजवळच्या शाळेतून बारावी होऊन मी कॉलेजसाठी सुरतेला आलो, तेव्हा तिथल्या बमरोली भागात अण्णांच्या शेजारची खोली मिळाली. ते दिवसा पावरलूमवर असत आणि संध्याकाळी रमेशभाईंच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत. माझा गळा बरा आहे हे कळल्यावर त्यांनीच मला तिथे गायला नेलं. माझी कॉलेजची फी त्या गाण्यातूनच भरली जाई.

अण्णांना जुन्या रेकॉर्डवरच्या गिटारचा आवाज हवा असे, जाड, जरासा फाटका आणि तरी गोड. त्यासाठी त्यांच्या पायाशी गिटारला जोडलेले तीन डबे असत. पहिला फझ, म्हणजे आवाज फाडणारा. भंगारातल्या जुन्या रेडिओचे ट्रान्झिस्टर काढून तो त्यांनी वहिनींच्या पानाच्या पितळी डब्यात बसवला होता. दुसरा ओव्हरड्राइव्ह, मुंबईच्या एका वादकाकडून जुना आणलेला. तो फाटलेल्या आवाजाला ऊब देई. तिसरा बूस्ट, त्यावर पाय पडला की सगळंच वर उचललं जाई. सुरुवातीला त्यांनी तिन्ही पूर्ण उघडले तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, "मिक्सरमा खडा गया का?" अण्णा हसले आणि फझ कमी करत, ओव्हरड्राइव्ह थोडा वाढवत बसले. जमलं तेव्हा मला म्हणाले, "दिवसभर कानात खडखड असते ना, ही तीच आहे. फक्त सुरात आणली."

त्या फझची एक खोड होती. जुने ट्रान्झिस्टर उकाड्यात बिघडत, आवाज गुदमरल्यासारखा होई. म्हणून घरी तो डबा वर ओलं फडकं टाकून माठाला टेकून असे आणि कार्यक्रमात त्याच फडक्यात गुंडाळलेला. अण्णा तो फक्त स्वतःच्या सोलोपुरता उघडत... पाहुण्याला चहा द्यावा तसा, वेळेवर आणि गार पडायच्या आत. इथे मात्र काळजी उलटी होती, तापायच्या आत बंद करायची.

गणपतीत उधन्याला कार्यक्रम होता. रमेशभाईंनी नवा कीबोर्ड आणला होता. "भिकनभाई, आ जुओ, एक बटन दबाने का, गिटार हाजर!" त्यांनी सर्वांसमोर वाजवूनही दाखवलं. त्या संध्याकाळचा सोलो रंगला तर अण्णा राहणार, नाहीतर त्यांच्या जागी ते बटण. मला ताप होता. स्टेजवर जाताना अण्णा अहिराणीत म्हणाले, "तू गाय ना भो. मी शे ना, तुना बाजूले." ते नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले.

दुसऱ्याच गाण्यात वरच्या सुरावर माझा आवाज फुटला. समोरून हशा उठायच्या आत डावीकडून गिटार आली. अण्णांनी फडकं बाजूला सारून फझ उघडला होता, बूस्टवर पाय दिला होता, आणि माझी ओळ त्यांनी गिटारवर पूर्ण केली. पुढचं कडवंही त्यांनीच ओढून नेलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. शिट्ट्या पडल्या. पण हॅलोजनच्या झळीत डबा उघडा राहिला, तापला. त्यांच्या स्वतःच्या सोलोची वेळ आली तेव्हा त्यातून नुसता घुसमटलेला, तुटक आवाज निघाला... अण्णांनी दोनदा बटणं फिरवली, मग सगळं बंद करून साधीच गिटार वाजवली.

रमेशभाईंनी अण्णांना काढलं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "वो सब ठीक है भाई, पब्लिक को डब्बे का टेम्परेचर मालूम नहीं." मीही ऑर्केस्ट्रा सोडतो म्हणालो, तर अण्णा चिडले. "तुनी फी कोन भरी? मना डबा? बी.कॉम. होऊ दे, मग काय सोडायचं ते सोड." मी गात राहिलो. माझ्या डावीकडे कीबोर्ड आला. अण्णा त्यानंतर फक्त खोलीतच वाजवत.

परवा बमरोलीला जाऊन आलो. गिटार खुंटीला होती. डबा माठाला टेकूनच होता, वरचं फडकं ओलं होतं. "सवय झाली हाताला," वहिनी म्हणाल्या. मी झाकण उघडलं. आतली बॅटरी हलू नये म्हणून अण्णा नेहमी कागदाची घडी खोचत. ती घडी काढली तर अक्षर माझंच निघालं. पास झाल्यावर नोकरीच्या गावाहून मी पाठवलेलं ते पत्र:

"तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार. मी बी.कॉम. पास झालो. गुणपत्रिका आधी तुम्हाला दाखवायची होती, पण इथे हजर व्हायची घाई झाली. ऑफिसात कधी गाणं म्हणायला सांगतात. वरचा सूर आला की मी अजून डावीकडे बघतो. तिथे कुणी नसतं, म्हणून खालच्या पट्टीत गातो. दिवाळीला आलो की वरच्या पट्टीत गाऊ. वहिनींना नमस्कार. ऊन फार आहे. डबा गार ठेवा.

तुमचा,
दिलीप"