शकुन कंडक्टरचा घोट

शकुन गावंडेला पहिली उचकी लागली ती मूर्तिजापूरच्या स्टँडवर. अकोला-अमरावती गाडी भरली होती आणि ती मशीनमधून तिकिटं काढून देत होती. ड्रायव्हर अब्दुल रहीमनं आरशातून पाहिलं.

"शकुनबाई, कोन याद करून राहिलं तुमाले?"

"डेपोतले साहेब, दुसरं कोन!" ती म्हणाली आणि पुढच्या सीटवरच्या दोन बाया हसल्या.

बडनेरा आलं तरी उचकी थांबली नाही. संध्याकाळी ड्युटी संपवून ती बार्शीटाकळीला घरी पोचली तरी नाही. सासू पार्बताबाईंनी साखर चारली, पाठीवर थापा मारल्या, देवाला दंडवत घातला. तिसऱ्या दिवशी उचकी आपोआप गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. गावातल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. शकुननं गोळ्या खाल्ल्या. मग सकाळी उठल्याबरोबर उलटी होऊ लागली. पित्तच असणार, तिनं स्वतःला सांगितलं. अकरा वर्षं एसटीत काढलेल्या बाईला पित्त नाही होणार तर कोणाला?

एक गोष्ट मात्र तिनं घरात कोणालाच सांगितली नाही. पाणी पिताना ठसका लागायचा. भाकरीचा घास घशात अडकून बसायचा. चहा कधी कधी नाकातून यायचा. म्हणून ती सगळ्यांच्या आधी नाहीतर सगळ्यांच्या नंतर, एकटीच जेवायला लागली. कमरेची साडी सैल झाली, तिनं ती आणखी एक निरी घालून नेसली.

शेवटी बोलले ते रहीमभाईच. बोरगावच्या वळणावर ती एका म्हाताऱ्याच्या अंगावर पडली, त्याच दिवशी अमरावतीला गाडी लावल्यावर ते म्हणाले, "बाई, हे पित्त नाई. चार दिवसांपासून पाहून राहिलो, तुमी डाव्या अंगाले वढल्या जाता. गाडी अशी वढत असली तं मी ती रोडवर काढत नाई. उद्या रजा टाका."

तिनं रजा टाकली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला एका रेषेवर चालायला लावलं, घशात बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच एमआरआय करायला पाठवलं. तो फोटो घेऊन ती आणि नवरा किशोर अमरावतीला डॉ. मानकर नावाच्या मेंदूच्या सर्जनकडे गेले.

मानकरांनी फोटो उजेडावर धरला. मेंदू जिथे संपतो आणि पाठीचा कणा सुरू होतो, तिथे एक पांढरा ठिपका होता. बोरापेक्षा थोडा मोठा. त्याच्याभोवती पाण्याची पिशवी.

"ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे," ते म्हणाले. "कॅन्सर नाही. पूर्ण निघाली तर बहुतेक परत येत नाही. पण जागा फार वाईट आहे. गिळणं, आवाज, श्वास, सगळ्यांच्या तारा इथूनच जातात."

किशोरनं तेवढंच ऐकलं की कॅन्सर नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. "मंग राहू द्याना डॉक्टरसाहेब. साधी गाठ आहे म्हनता ना."

"गाठ साधी आहे. पण ती पाणी सोडते आहे आणि ते पाणी दाबतं आहे. आज गिळण्यावर आलंय, उद्या श्वासावर येईल."

"अन् ऑपरेशनमंधी?" शकुननं विचारलं.

मानकरांनी काही लपवलं नाही. ही गाठ मधून कापता येत नाही, कापली तर रक्त आवरत नाही. तिला रक्त पुरवणारी एकेक बारीक शीर शोधून बंद करायची, कडेकडेनं सोडवायची आणि अख्खी बाहेर काढायची. आठ-नऊ तास. नंतर काही दिवस, कदाचित काही महिने, गळ्यातून श्वासाची नळी आणि नाकातून जेवणाची. आवाज जाऊ शकतो. जीवही जाऊ शकतो.

बार्शीटाकळीत किशोरचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. पण घरात पाय ठेवताच म्हणाला, "मी सही करनार नाई. चालत्या-बोलत्या बाईले कापाले कायले द्याची?"

"सही मी करतो माही," शकुन म्हणाली. "पन घरच्याची बी लागते."

"नाई म्हनलो ना!"

शकुन भांडली नाही. तिनं ताट वाढून घेतलं. अर्धी भाकरी, वरण, पेलाभर दूध. मग तिनं त्याला समोर बसवलं. "बसा अथी. मी कशी जेवतो ते पाहा. उठू नका."

पहिला घास तिनं कितीतरी वेळ चावला. मान डावीकडे वळवली, डोळे मिटले, गिळला. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा लाल झाला. तिनं ते पदरानं पुसलं आणि दुसरा घास मोडला. दुधाच्या पहिल्याच घोटाला दूध नाकातून बाहेर आलं. किशोर उठायला लागला तसा तिनं हातानंच त्याला खाली बसवलं. अर्धी भाकरी संपायला पाऊण तास लागला. दारात उभ्या पार्बताबाईंनी सांडलेलं दूध पुसून घेतलं.

"चार महिन्यांपासून असंच आहे," शकुन म्हणाली. "तुमी म्हनता चालती-बोलती. गाठ साधी आहे, पन उपाशी मरनं साधं नसते, प्रणालीचे बाबा. ते मले जमनार नाई."

किशोरनं तिचं ताट उचललं आणि स्वतः घासलं. दुसऱ्या दिवशी अकरावीतल्या प्रणालीला आजीजवळ ठेवून दोघं अमरावतीला गेले आणि त्यानं सही केली.

ऑपरेशन साडेनऊ तास चाललं. मानकर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "अख्खी निघाली," एवढंच ते म्हणाले आणि बाकावर बसले.

शकुन शुद्धीवर आली तेव्हा उचकी नव्हती. आवाजही नव्हता. गळ्यात नळी, नाकात नळी, आणि स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. किशोरनं हातात पाटी दिली. तिनं वाकड्या अक्षरात लिहिलं, 'नोकरीवर कधी?'

गिळायला शिकवणारी प्राजक्ता नावाची मुलगी रोज सकाळी यायची. हनुवटी छातीला लाव, श्वास धर, जोर लावून गिळ, मग खोक. दिवसातून साठ वेळा, तेही रिकाम्या तोंडानं. तीन आठवड्यांनी चाचणी झाली. निळ्या रंगाचं चमचाभर पाणी दिलं आणि ते गळ्याच्या नळीतून निळंच बाहेर आलं. म्हणजे पाणी अजून श्वासनलिकेत जात होतं. प्राजक्ताचा चेहरा पडला. शकुननं पाटी ओढली. 'साठानं नाही होत तर शंभर सांग.'

शंभर झाले. घसा दुखून यायचा, मान भरून यायची. एका दुपारी तिनं पाटी भिंतीवर फेकली आणि तासभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग उठली आणि उरलेले चाळीस पूर्ण केले.

पाचव्या आठवड्यात दुसऱ्या चाचणीत नळीतून निळं काही आलं नाही. आता घट्ट पदार्थ चालणार होता, पातळ नाही. पार्बताबाई बार्शीटाकळीहून ज्वारीची आंबील करून आल्या. प्राजक्तानं चमचा तिरपा करून पाहिला. "आजी, पातळ आहे. चमच्यातून हळू सरकली पाहिजे." म्हातारी तशीच दवाखान्यामागच्या ओळखीच्या घरी गेली आणि आंबील परत शिजवून आली. शकुननं हनुवटी खाली केली, श्वास धरला, गिळलं. सगळे नळीकडे बघत होते. खोकला आला नाही.

"मीठ कमी आहे," तिनं पाटीवर लिहिलं. पार्बताबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

गळ्यातली नळी दोन महिन्यांनी निघाली, नाकातली त्यानंतर. आवाज आला तो घोगरा, अर्ध्या दमाचा. पातळ पाणी गिळायला आणखी चार महिने लागले. उजव्या हाताला गरम-थंड कळेनासं झालं ते कायमचं. एकदा तवा धरला तर कातडी भाजल्याचा वास आला, तेव्हा कळलं. तेव्हापासून काही उचलायचं असलं की आधी डावा हात पुढे.

दहा महिन्यांनी ती डेपोत हजर झाली. सहा महिने खिडकीवर हलकं काम मिळालं. वर्षानं काढलेला मेंदूचा फोटो स्वच्छ आला. मानकरांनी लिहून दिल्यावर तिनं रोडची ड्युटी मागितली. जवळच्या फेऱ्या मिळाल्या, अकोला ते बार्शीटाकळी, दिवसातून चार. ती आता दांडा धरूनच चालते, लाजत नाही.

परवा एका प्रवाशानं विचारलं, "बाई, आवाज बसला वाटते तुमचा?"

"बसला होता," ती म्हणाली. "मी उठवला. सुटे पैसे काढा."

मग घंटीची दोरी ओढली आणि ती मागच्या सीटकडे वळली.