दोन सिंक आणि माझा नम्रपणा

काय सांगू तुम्हाला, लोकांचा अहंकार गेला की त्यांना शांती मिळते. माझा जायला निघाला आणि जाता जाता मिरियमचं स्वयंपाकघर बाटवून आला.

मिरियम म्हणजे आमची इथली, लंडनच्या एजवेअरमधली शेजारीण. दर गुरुवारी दुपारी तिच्याकडे कबालाचा, म्हणजे ज्यू अध्यात्माचा, वर्ग भरतो. शिकवणारा धरून आम्ही आठजण. शिकवतो डेव्हिड. त्याचं सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं. आपल्या आत 'मी, मी' करणारा बसलाय, तो एकट्याच्या जोरावर हलत नाही. देवावर श्रद्धा ठेवा, शेजारच्याला आपल्याहून मोठा माना, सगळे मिळून एक व्हा.

मला पटलं. पटलं तिथेच थांबावं की नाही? पण वर्गात सगळ्यात नम्र मीच दिसले पाहिजे, असं मनाने घेतलं.

त्या गुरुवारी चीजकेक आणि दुधाचा चहा झाला. मी कप गोळा करून उठले.

"अगं बस ना, यू आर अ गेस्ट," मिरियम म्हणाली.

पाहुणी म्हणून बसून राहणं आपल्याला कुठलं जमतंय? आत बघते तर दोन सिंक, दोन रंगांचे स्पंज. एका सिंकमध्ये उद्यासाठी शिजवलेल्या चिकनची खरकटी पातेली. म्हटलं, काय हा फापटपसारा. कप, बशा, पातेली, सगळं एकात घातलं, कढत पाणी सोडलं आणि एकाच स्पंजने 'सगळे मिळून एक' म्हणत लख्ख घासलं.

मिरियम आली ती दारातच थांबली.

"दुधाची आणि मांसाची भांडी... टुगेदर?"

त्यांच्यात दोन्ही वेगळं ठेवतात. भांडी, सिंक, स्पंज, सगळं. उद्या संध्याकाळी साबाथला, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाला, बारा माणसं जेवायला, आणि आता रब्बींना, त्यांच्या धर्मगुरूंना, विचारल्याशिवाय एका पातेल्याला हात लावायची सोय नाही. वीस वर्षं सासूबाईंचं सोवळं सांभाळलेली बाई मी. मला हे कळू नये? इतक्या वर्षांची मैत्री आता संपली, या विचाराने मला रडूच यायचं बाकी होतं.

"माय फॉल्ट," मिरियम म्हणाली. "मी तुला आधी सांगायला हवं होतं."

"नाही, चूक माझी," डेव्हिड मागून आला. "मीच सारखं युनिटी, युनिटी करतो."

"मी चीजकेक आणलाच नसता तर?" हे वर्गातली रेचल.

बघता बघता सातही जणांनी चूक आपापल्या अंगावर घेतली. माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. अशा वेळी माणसाने गुपचूप हात पुसावेत. पण माझं डोकंच फिरलं.

"एक मिनिट," मी ठणकावलं. "चूक माझी आहे. पूर्ण माझी. भांडी मी घासली, स्पंज मी घेतला. इतकी मोठी चूक तुमच्यापैकी एकाला तरी जमली असती का?"



डेव्हिडने शांतपणे वही उघडली. "ओके," तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी पुन्हा पहिल्या धड्यापासून."