कणगीवरची फ्यूजची पेटी

मालवणात वीज नवीनच आली होती आणि मी त्या खात्यात नवीन लागलो होतो. माझं काम तपासणीचं. वायरमनने घरात वायरिंग केलं की मी जायचं, सगळं पाहायचं आणि कागदावर सही करायची. सही झाली की खांबावरून तार जोडत. फ्यूजच्या पेटीबद्दल आमच्या नियमात एकच वाक्य होतं: पेटी सहज हात पोहोचेल अशा जागी असावी. कोणाचा हात, ते लिहिलेलं नव्हतं.

किनाऱ्याजवळच्या एका घरी मी वैशाखात गेलो. घरधनी मुंबईला गोदीत कामाला. वीज घ्यायची म्हणून खास रजा काढून आलेला. त्याने सगळं घर हौसेने दाखवलं. पेटी होती आतल्या काळोख्या खोलीत, भाताच्या कणगीच्या वर, जवळजवळ माळ्याला टेकलेली. इतकी उंच का, असं मी विचारलं. घरात दोन लहान मुलं आहेत, त्यांचा हात लागू नये म्हणून, असं तो म्हणाला. मला ते पटलं. मी कणगीला पोट टेकून, टाचा उंच करून हात वर केला. बोटं पेटीतल्या, सगळ्या घराची वीज बंद करणाऱ्या स्विचच्या दांड्याला लागली. मी सही केली आणि त्याच्या बायकोने दिलेलं कोकमचं सरबत पिऊन निघालो.

कुडाळच्या गाडीत बसलो आणि मनात आलं, हात माझा पोहोचला. मी आमच्या घरात सगळ्यांत उंच, कौलं शाकारायला मला शिडी कमी लागते असं आई म्हणायची. तो माणूस आठ दिवसांनी मुंबईला जाणार. मग त्या घरात राहणार कोण? त्याची बायको, जी माझ्या खांद्याएवढीही नव्हती, म्हातारी सासू आणि ती दोन मुलं.

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. वायर जळायला लागली आहे, खोलीत धूर भरलाय आणि ती बाई कणगीवर चढू पाहतेय, हेच डोळ्यांपुढे यायचं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सही तुमची आहे, तुम्हीच ठरवा. सोमवारी तार जोडायची होती. रविवारी सकाळी मी पुन्हा मालवणची गाडी धरली.

घरधनी बाजारात गेला होता. बायको खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. मला पाहून ती घाबरली, काही चुकलं का म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, "वयनी, आतलो स्विच जरा बंद करून दाखवशात? अजून वीज नाय, भियाचां काय नाय."

ती आत आली. पदर खोचून तिने हात वर केला. मग खोलीतलं भाताचं माप पालथं घालून त्यावर उभी राहिली. तरी वीतभर अंतर उरलं. ते माप तिच्या पायाखाली डुगडुगायला लागलं तसं मी तिला खाली उतरायला सांगितलं.

"हात पोचना नाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि माका तेका हात लावू नको म्हणान सांगलेला आसा."

इतके दिवस मी फक्त उंचीचा विचार करत होतो.

घरधनी आला तेव्हा मी सही मागे घेतो आहे असं त्याला सांगितलं. पेटी पडवीत, दरवाजाच्या बाजूला, वयनींच्या खांद्याच्या उंचीवर हवी. मुलांसाठी तिला झाकण आणि कडी करता येईल. पहिल्या दिवशी तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलला होता. आता तो म्हणाला, "सही केलास मा? मगे आता कित्याक इलास?"

चूक माझी आहे, एवढंच मी बोललो. वायरमन खारेपाटणला दुसऱ्या कामावर गेला होता, तो पंधरा दिवस तरी येणार नव्हता. रजा संपली आणि तो माणूस आपल्या घरात दिवा लागलेला न पाहताच मुंबईला गेला. शेजारच्या दोन्ही घरांत तोवर दिवे लागले होते. त्यावरून मलाही रुखरुख लागून राहिली, की आपण उगाच तर अडवलं नाही ना. नंतर पेटी हलवली. मी जाऊन पाहिली, वयनींकडून तीनदा स्विच बंद करवून घेतला आणि मगच तार जोडू दिली.

आषाढात त्या मला बाजारात भेटल्या. स्वयंपाकघराची भिंत पाझरली होती आणि दिव्याच्या होल्डरातून ठिणग्या उडाल्या होत्या. सासूबाई तिथेच चुलीपाशी बसलेल्या. "मी धावत गेलंय नि दांडो खाली केलंय," असं त्यांनी मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं. दुरुस्तीला माणूस कधी पाठवाल, हे विचारायचं होतं त्यांना.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी हिशेब करत होतो तो त्या घराच्या आधी सही केलेल्या घरांचा. सुट्टीच्या दिवशी एकेका घरी गेलो. दोन ठिकाणी पेट्या खाली आणायला लावल्या, लोकांची बोलणी खाल्ली. शेवटचं घर बंद होतं. माणसं मुंबईला गेलीत, चतुर्थीला येतील, असं शेजारणीने सांगितलं. खिडकीच्या गजांतून मी आत पाहिलं. फडताळ दिसलं, पाळणा दिसला. पेटी कुठे आहे ते दिसेना आणि मी ती कुठे पाहिली होती, तेही मला आठवेना.