उदीचा थर

आमच्या महाप्याच्या लॅबमधला जयप्रकाश म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. राहायचा नेरूळला, दोन खोल्यांत. पण ऐट अशी की विद्यापीठ याच्याच गॅलरीत भरतं. पीएचडी अर्धवट. सोडली म्हणा, गाइडने हाकलला म्हणा. आम्ही बाकीचे त्याच्या लेखी पाणी तपासणारे हमाल.

शहाण्णव साली राजलक्ष्मीबाई आल्या, भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक. नदीकाठच्या दरडीतून त्यांनी ज्वालामुखीची राख खणून आणली होती, हजारो वर्षांपूर्वीची. दोन थर, मध्ये हातभर पिवळी माती. वरचा करडा, खालचा पांढुरका, बोटांत काचेच्या चुऱ्यासारखा करकरणारा. राख दोन वेगळ्या स्फोटांची, की एकाचीच, नदीने पुन्हा आणून टाकलेली? रसायनं मोजल्याशिवाय ते कळणार नव्हतं. जयप्रकाशने काम मागून घेतलं, कारण बाईंनी शोधनिबंधावर त्याचं नाव घालायचं कबूल केलं होतं. "एकदा नाव छापून येऊ दे, मग गाइडच्या टेबलावर नेऊन आपटतो," म्हणायचा. नाव गाजायला त्याला दोन स्फोट हवे होते. जसा काही ज्वालामुखी याला विचारून फुटणार होता.

मध्येच खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीनला कुणी हात लावायचा नाही, नुसतं हळदकुंकू, झेंडू. जयप्रकाश साताऱ्याकडच्या मठाची उदी घेऊन भट्टीला, तराजूला लावत फिरला.

दसऱ्यानंतर रिझल्ट आला. खालच्या थरात चुना आणि फॉस्फरस भरमसाट, वरच्यात नावालाच. लगेच पेढे वाटले स्वारीने. मी म्हटलं, "राखेत एवढा फॉस्फरस? परत करून बघ."

"तू पाणी तपास," म्हणाला. मेला कुठचा.

बाईंनी स्वतःकडे राखून ठेवलेले नमुने दुसरीकडे तपासून घेतले. दोन्ही थर एकाच राखेचे निघाले. मग त्या आमच्याकडे आल्या आणि शांतपणे विचारलं, "हा चुना आला कुठून?"

"ही सगुणा भांडी घासते ना, तिचं काम. यांना स्वच्छता कशाशी खातात ते माहीत नाही," जयप्रकाश म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा.

शेजारच्या पावणे गावची सगुणा दारातच उभी होती. "मी नाय सायब," ती म्हणाली. "त्या दिवशी पांढऱ्या राखेच्याच वाट्या भायेर होत्या, मी झाकून ठेवलेल्या. तुमीच झाकन काढून चिमूट चिमूट उदी टाकली. मी हात पन जोडले."

उदी म्हणजे गोवरीची राख. चुना त्यातला, फॉस्फरसही त्यातलाच. आम्हाला सगळ्यांना एकदम कळलं. बाई भल्या. म्हणाल्या, "होतं असं. उदीची पुडी द्या, तपासून खात्री करू. उरलेला नमुना तुम्हीच पुन्हा करा. नाव राहील तुमचं."

एवढंच करायचं होतं. पुडी शर्टाच्या खिशात होती.

"उदी म्हणजे राख नव्हे," जयप्रकाश म्हणाला. केमिस्ट म्हणे! "देवाला मशीनमध्ये घालणार तुम्ही?" आणि त्याने पुडी सोडून सगळी उदी तोंडात टाकली.

ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, ओठ पांढरे. मला दया आली नाही, किळस आली. बाईंनी निबंधाचा खर्डा आणि पेन काढून त्याचं नाव खोडलं.

सगुणाने धावत जाऊन पाणी आणलं. त्याने ते घटाघटा प्यायलं आणि ग्लास तिच्याकडे न बघताच परत केला. "नीट धू," म्हणाला.