भाव उतरेपर्यंत

शिलाईकाम करणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे थांबेराव म्हणत. नाव ठेवलं होतं त्यांच्या बायकोनेच. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की हे म्हणणार, थांब जरा, भाव उतरेल. आणि भाव उतरायचाही, हीच तर खरी पंचाईत! पंखा, मिक्सर, शिलाईमशीनची मोटर, सगळं त्यांनी असंच वाट पाहून घेतलेलं.

बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात श्वासाचं यंत्र आलं, तेव्हा सोलरचा विषय निघाला. वीज दिवसदिवस गायब असायची, इन्व्हर्टर भरणार तरी कशाने? थांबेरावांनी सोलरचा भाव विचारला आणि घाम पुसत परत आले. पैसे नव्हते असं नाही, पोस्टात पडून होते. पण शेजारच्या कंपाउंडरने छपरावर सोलर बसवलं होतं. भला माणूस, खिडकीतून वायर टाकून दिली. त्याच्या विजेवर यंत्र चालायचं आणि थांबेराव गिऱ्हाइकांचं माप घेता घेता त्यालाच हसायचे, महागात घेऊन बरा कापला गेला म्हणून. दर वर्षी भाव उतरला की यांना कोण आनंद!

पुढे कंपाउंडर घर विकून मुलीकडे राहायला गेला. वायर गेली. आता तरी घ्या, बायको म्हणाली. एवढं एक वर्ष, हे म्हणाले. वीज गेली की ती उशीला टेकून तोंडाने श्वास ओढत बसायची आणि हे पुठ्ठ्याने वारा घालायचे. पुठ्ठ्याने काय होतंय? पण माणूस घालतो वारा. त्या एका वर्षाचं दुसरं झालं.

यंदा भाव पार तळाला गेला. थांबेरावांनी पोस्टातले पैसे काढले आणि सोलर बसवणाऱ्या मुलीला बोलावलं. थांबेरावांना घेऊन ती छपरावर चढली आणि नुसतीच उभी राहिली. कंपाउंडरच्या जागेवर आठ मजले उठले होते, नेमके ऊन यायच्या बाजूला. भर दुपारी छपरावर सावली. इमारत चढताना थांबेरावांनी रोज पाहिली होती, तिची धूळ खाल्ली होती. पण डोक्यात सगळा भाव भरलेला, तिथे सावली शिरणार कुठून?

"काका, आता फुकट बसवून दिलं तरी तुमचं यंत्र चालायचं नाही," मुलगी म्हणाली.

ते खाली आले. बायकोने विचारलं, भाव काय म्हणाली? त्यांनी सांगितला. पहिल्या भावाच्या पावपटही नव्हता.

"बघा, तुमचंच खरं झालं," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

सावलीचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात वीज गेली. यंत्र बंद पडलं. थांबेरावांनी पुठ्ठा उचलला.