अप्पाच सांगतात की!

जुन्या हुबळीतल्या आमच्या मराठी शाळेचे शिपाई मारुतीअप्पा. कुणाचं पोरगं पाढे विसरलं, कुणी डबा टाकून दिला, हे सगळं ते संध्याकाळी घरी जाताना दारोदार सांगतात, तिखटमीठ लावून आणि शेजारणीलाही ऐकू जाईल अशा बेतानं. माझा नुसता जीव जळतो.

यंदा मुख्याध्यापिका मनीषाबाईंनी पालकसभेत जाहीर केलं, "आता मुलांची प्रगती ॲप सांगेल."

"अप्पाच सांगतात की!" अर्धी सभा म्हणाली.

"अगदी गुपचूप, फक्त तुम्हालाच," बाई पुढे म्हणाल्या, तेव्हा मात्र सगळी सभा पोट धरून हसली.

शेवटी बाईंनी फोन उंच धरून ॲप दाखवलं. मी तर तिथल्या तिथे ते माझ्या फोनवर घेतलं.

परवा त्यावर निरोप आला, 'आपल्या पाल्याची प्रगती समाधानकारक आहे.' मी खूश होऊन समर्थसाठी चटकदार चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा पुडा आणला.

संध्याकाळी दारातून हाक आली, "अक्का, भागाकारात आपटलाय की तुझा समर्थ!"

समोरच्या खिडक्या उघडल्या. मी तोऱ्यात फोन पुढे केला.

अप्पांनी चष्मा चढवून निरोप वाचला. मग आणखी मोठ्यानं म्हणाले, "हे होय? हे सगळ्या शाळेला गेलंय. बटण मीच दाबलं."